चिंधी बांधलेली झाडं

आमच्या घरात कुठलाही छापील कागद आला की तो खालून वाचायची पद्धत होती. अगदी तळाशी, बारीक टाइपात मुद्रकाचं नाव असतं. आधी ते वाचायचं, मग कागद उलटा करून मागे काही आहे का ते बघायचं, आणि मथळा सगळ्यात शेवटी. नाना, म्हणजे माझे वडील, भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात होते. रोज गाडीने जाऊन येऊन करायचे आणि उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहायचे. पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाची ताटं आणि पत्रकांचे गठ्ठे एकाच सतरंजीवर असत. शाळेत जायच्या आधी मी पत्रकाची तिहेरी घडी घालायला शिकले. अक्षरंही त्याच्यातच शिकले. त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटायचं की वाक्य संपलं की उद्गारचिन्हच द्यायचं असतं.

"हे कोणी लिहिलं, आणि ह्यात काय लिहिलेलं नाही?" हे दोन प्रश्न नानांनी मला दिले. दुसरं काही दिलं नाही असं म्हणून मी त्यांना चिडवते. पण मी त्या दऱ्यात पहिल्यांदा गेले, ती हे दोन प्रश्न घेऊनच गेले.

दरा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, चोपड्याच्या वरच्या अंगाला. गावाचं नाव मी लिहिणार नाही. लोक त्याला वल्ला दरा म्हणतात, म्हणजे ओली दरी. पावसाचं जंगल म्हटलं की आम्हा जळगावकरांना कोकण आठवतं, नाहीतर टीव्ही. आमच्याकडचं जंगल होळीच्या सुमारास पानं टाकून मोकळं होतं, साग उघडेबोडके उभे असतात आणि पायाखाली नुसता चुरा वाजतो. त्या चुऱ्यातून तासभर चालायचं, आणि एका ठिकाणी जमीन खाली उतरते. उतरणीवर चारोळीची झाडं. तळाला उंबर, जांभूळ, अर्जुनसादडा, करंज, सगळे एकमेकांच्या अंगावर रेललेले. दगडांवर शेवाळ. कपारीतून बोटाएवढी धार पडते ती मे महिन्यातही थांबत नाही. तिच्याखाली नेचे वाढलेले. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा हातावरचा घाम गार झाला आणि मला त्याचाही संशय आला, की असं इथे कसं?

"भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे हे इथे असायला नको," सर म्हणाले.

सर धुळ्याचे. देवपुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. नानांच्या जुन्या ओळखीचे. ह्या दऱ्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून दर्जा मिळावा ह्यासाठी ते खटपट करत होते. ग्रामसभेचा ठराव झाला होता. आता वनस्पतींची नोंदवही, मग अर्ज, मग अधिकाऱ्यांसमोर सुनावणी, आणि सगळं जमलं तर राजपत्रात घोषणा. गावाला समजेल असं एक माहितीपत्रक त्यांना लिहून हवं होतं. त्यासाठी नानांनी मला पुढे केलं.

मला पहिला संशय आला तो सरांचाच. निवृत्त माणूस धुळ्याहून एसटी बदलत बदलत महिन्यातून दोनदा एका घळीत येतो, तो कशासाठी? जवळ एक हिरव्या पुठ्ठ्याची वही. मी शेजारी जाऊन बसले की ते ती मिटायचे. सावकाश, बोट आत ठेवून, पण मिटायचे. माझ्यासमोर मिटलेली वही मी विसरत नाही.

दऱ्यात आम्हाला घेऊन जायच्या त्या अक्का. गावातल्या बायका चारोळी, डिंक, मोह गोळा करतात, त्यांच्यातल्या वयाने मोठ्या. अंगाने काटकुळ्या, चालायला लागल्या की सर मागे पडत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोननी आंडेर शे तू?"

कोणाची मुलगी, ते सांगितलं. रेल्वेतला बाप म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. मग म्हणाल्या, "मंग तुले कागद समजतस. एक सांग. दरा सरकारना व्हई गया म्हंजे आम्हले जाऊ देतीन का?"

दरा सरकारचा झाला की आम्हाला आत जाऊ देतील का. बाकी सगळं, वारसा, दर्जा, राजपत्र, ह्या एका प्रश्नाच्या मागे होतं. अक्कांच्या घरात कोरडवाहू दोन तुकडे आणि दरा, एवढंच. चारोळीच्या महिन्यात त्या आणि गावातल्या वीस-पंचवीस बायका पहाटेपासून दऱ्यात असतात. दरा जपला जावा म्हणून ग्रामसभेत हात वर करणाऱ्या त्याच होत्या, आणि तो जपला गेल्यावर दाराबाहेर उभं राहायची वेळ आली तर तीही त्यांच्यावरच येणार होती.

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "अर्जात एक रकाना आहे. स्थानिक लोक हे जंगल कोणत्या पद्धतीने जपतात. तो नीट भरला तर त्यांचं येणं-जाणं चालू ठेवता येतं. रिकामा राहिला तर वरून येईल तो नियम."

"मग भरा ना."

"काय भरू? जपतात हे दिसतंय. कसं जपतात ते कोणी सांगत नाही."

मला ते पटलं नाही. मला वाटलं, ह्यांना भरायचाच नाही.

होळीनंतर आठवड्याने मी एकटी गेले. माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते. सर धुळ्याला होते. गावातून अक्का बरोबर आल्या. दऱ्याच्या आधी, वाटेवर, सागाचा एक ताजा बुंधा दिसला. करवतीने कापलेला, भुसा अजून पिवळा. "कोणी तोडला?" मी विचारलं. "चोरस्नी," अक्का म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

मग उतरणीवर मला चिंध्या दिसल्या. चारोळीच्या एका झाडाला, डोक्याच्या उंचीवर, फांदीच्या बेचक्यात एक लाल चिंधी. चार झाडं सोडून आणखी एक, हिरवी. पुढे एक जांभळी, तिला जरीचा धागा. मी मोजायला लागले. ज्यांना बांधल्या होत्या ती झाडं सगळ्यांत भरदार होती. मागच्या खेपेला ह्यांतलं काही नव्हतं.

"अक्का, ह्या चिंध्या कसल्या?"

"कथ्या?"

"ही काय. आणि ती."

अक्कांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. "माले काय माहीत. वारावर उडी येल व्हई."

वाऱ्याने उडून आली म्हणे. दुहेरी गाठ मारलेली चिंधी. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्या धारेकडे बघत राहिल्या. मग पाणी प्यायल्या आणि मलाही ओंजळीत दिलं.

परतीच्या बसमध्ये, तापीचा पूल येईपर्यंत, माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. कापलेला साग. भरदार झाडांवर खुणा. खोटं बोलणारी म्हातारी. मिटणारी वही. आणि ह्या गावातली सगळी चारोळी विकत घेणारा जळगावच्या दाणा बाजारातला एक व्यापारी, ज्याची गाडी मी गावात दोनदा पाहिली होती. दर्जा मिळायच्या आत झाडं उतरवायची, हा बेत. नंतर कायदा आडवा येणार, म्हणून आता. मला एवढं स्पष्ट दिसत होतं की मी बसमध्येच फोनवर मथळा लिहिला.

"वल्ल्या दऱ्यातल्या झाडांना मरणाची चिंधी कोणी बांधली?"

पत्रक एका पानाचं होतं. मी लिहिलेल्यांत चांगलं होतं, हे आजही म्हणेन, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. त्यात जळगावच्या शेठजींच्या गाडीबद्दल होतं, नाव न घेता, पण तालुक्यात कळायला नावाची गरज नव्हती. गावातलेच काही हात ह्यात गुंतलेले आहेत, असंही होतं. खाली "वल्ला दरा बचाव कृती समिती".

छापायच्या आधी नानांना दाखवलं. त्यांनी सवयीने आधी तळ बघितला.

"मुद्रक आहे. समिती आहे. समितीत कोण?"

"मी."

"आणि?"

"सध्या मीच."

"बरं." त्यांनी चष्मा वर केला. "चिंधी बांधणाऱ्याला विचारलंस?"

"विचारून कोण खरं सांगतं, नाना? तुम्हीच शिकवलंय."

त्यांनी पत्रक परत माझ्या हातात दिलं. मला वाटलं, त्यांना आवडलं. खरं तर ते गप्प बसले की काय वाटतंय ते मला कधीच कळलेलं नाही.

तालुक्याच्या आठवडे बाजारात मी स्वतः उभी राहून पत्रकं वाटली. कांद्याच्या ढिगाशेजारी, बसस्टँडच्या तोंडाशी. लोक घेत होते, वाचत होते, एक जण म्हणाला, "ताई, शेवटी हिंमत केली कोणीतरी." कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत ते माझ्याच फोनवर तीन अनोळखी माणसांकडून परत आलं. मी खूश होते.

चौथ्या दिवशी त्या व्यापाऱ्याच्या दुकानातून फोन आला. धमकी नव्हती. "ताई, एकदा येऊन जा," एवढंच. मी तयारी करून गेले. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून पिशवीत ठेवला, आणि मैत्रिणीला सांगितलं की तासाभरात मी नाही आले तर बघ.

दाणा बाजारात बोळाच्या टोकाला दुकान. पोत्यांच्या मधून वाट. गादीवर साठीचे एक गृहस्थ, राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, इथली तिसरी की चौथी पिढी. बोलणं अस्सल जळगावी. समोर माझं पत्रक, चारी कोपरे सरळ करून ठेवलेलं.

"कागद चांगला वापरलाय," ते म्हणाले. "आजकाल पत्रकाला असा कागद कोणी वापरत नाही. चहा?"

"चहा नको. उत्तर द्या."

"देतो ना. मी चारोळी विकतो. माझे वडील चारोळी विकायचे. झाड तोडलं तर मी काय विकू, फळ्या?"

मी म्हटलं, "मग चिंध्या?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आधी मला तो अभिनय वाटला. "तुम्ही दऱ्याबद्दल लिहिता आणि तुम्हाला चिंधी माहीत नाही?"

मग त्यांनी एका डब्यातून चारोळीची मूठ काढून माझ्यापुढे ठेवली, आणि दुसऱ्या डब्यातून दुसरी. दुसरीतले दाणे मोठे होते, गोल, भरलेले. "ही चिंधीची. म्हणजे मागच्या साली ज्या झाडाला चिंधी होती, त्याची. होळीनंतर बायका जातात आणि ठरवतात, यंदा कुठलं झाड सोडायचं. लुगड्याची चिंधी बांधली की त्या साली त्याला कोणी हात लावायचा नाही. ह्या गावानं नाही, शेजारच्याही नाही. झाड एक साल विसावतं. पुढच्या साली असं देतं." त्यांनी दुसऱ्या मुठीकडे बोट केलं. "मी माल घेताना पहिला प्रश्न हाच विचारतो, चिंधीची आहे का."

"मग अक्का मला खोटं का बोलल्या?"

"खोटं नाही. सोडलेल्या झाडाबद्दल बोलायचं नाही, असं आहे त्यांच्यात. बोललं की ते दाखवल्यासारखं होतं. मलासुद्धा कोणतं झाड ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. माल आल्यावर कळतं." त्यांनी पत्रकाची घडी घातली, तिहेरी, अगदी बरोबर. "तुम्ही लिहिलंत, आता सगळ्यांना कळलं. भरदार झाडांना चिंधी असते, हेसुद्धा छापलंय तुम्ही."

पिशवीत रेकॉर्डिंग चालूच होतं. ते मी आजवर ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेले. बस, मग काळीपिवळी, मग पायी. अक्का दारात गवऱ्यांचा ढीग रचत होत्या. 'बस' असंही म्हणाल्या नाहीत. पाणीही नाही, आणि खानदेशात कोणाच्या दारात जाऊन पाणी मिळालं नाही म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको.

"अक्का, माझं चुकलं."

"तुन्हा कागद पोरास्नी वाची दखाडा," त्या ढिगाकडे बघत म्हणाल्या. पोरांनी वाचून दाखवला. "मंग वनवाला ऊना. मोबाइलमा तोच कागद. चिंध्या कोन बांधस, नाव सांगा, म्हने. आम्ही बठ्ठ्या पहाटे गयात आनि सोडी टाक्यात."

सगळ्या चिंध्या त्यांनी सोडून टाकल्या होत्या. वनरक्षकाला नावं हवी होती आणि पत्रकात "गावातलेच काही हात" असं लिहिलेलं होतं. ते हात त्यांचे होते.

दऱ्यात मी एकटी गेले. उतरणीवर एकाही झाडाला काही नव्हतं. फळं हिरवी होती, महिनाभरात पिकली असती. आता कुठलं झाड सोडलेलं आणि कुठलं नाही, हे बाहेरून येणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. दोन झाडांच्या फांद्या खाली ओढून मोडलेल्या होत्या, कच्च्या फळांसकट. मोडलेल्या जागी चीक वाळला होता. मी लिहिलेल्या कुठल्याही वाक्याने आजवर काही मोडलं नव्हतं, आणि मोडावं म्हणूनच तर मी लिहीत होते.

सुनावणी नऊ दिवसांवर होती.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं. चिंध्यांची झाडं मी वहीत खुणेने टिपत होतो. बायकांनी स्वतःहून सांगितलं तर लिहायचं, नाहीतर नाही, असं ठरवलं होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू लिहिशील म्हणून."

मी फोन ठेवला. रडू आलं नाही, राग आला, आणि रागावायला समोर कोणीच नव्हतं.

दुसरं पत्रक लिहायला मला पाच दिवस लागले. पहिलं एका बसप्रवासात झालं होतं. अडचण अशी होती की चूक सुधारायची तर चिंधी म्हणजे काय ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर जे मोडलं तेच पुन्हा मोडणार. पुन्हा अक्कांकडे गेले. ह्या वेळी ओट्याच्या खाली उभी राहिले आणि आधी विचारलं. लिहू का, आणि लिहायचं तर काय.

अक्कांच्या शेजारी आणखी तीन बायका बसल्या होत्या. एक म्हणाली, "आते का इचारस? लग्न लागी गयं आनि पत्रिका दखाडी ऱ्हायनी." सगळ्या हसल्या. मीही हसायला गेले, तर थांबल्या.

अक्का म्हणाल्या, "चिंधीनं लिखू नको. ते मी बोलसू. साहेबसमोर."

"आणि मी?"

"तू तुन्हं लिख."

म्हणून मी माझंच लिहिलं. पहिलं पत्रक मी एकटीने लिहिलं, समिती वगैरे काही नाही. चिंध्या तोडण्यासाठी होत्या, हे खोटं आहे. मी विचारलं तेव्हा मला सांगितलं गेलं नाही, आणि न सांगणं हा सांगणाऱ्यांचा हक्क होता. व्यापाऱ्यावर केलेला आरोप मी मागे घेते. खाली माझं नाव, पूर्ण. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. नानांनी तळ बघितला, मग वर बघितलं आणि गठ्ठा पुढे ओढून घड्या घालायला बसले. बोटं आता सुजलेली असतात त्यांची, तरी घडी सरळ येते.

बाजारात हे पत्रक कमी लोकांनी घेतलं. ग्रुपवर कोणीच टाकलं नाही. पहिलं अजूनही फिरतं.

सुनावणी शाळेच्या पडवीत झाली. टेबलावर सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, तीन अधिकारी. मधल्या साहेबांसमोर फाइल आणि फाइलवर माझं पहिलं पत्रक. वर फाइलच्या दोऱ्यात खोचलेलं, म्हणजे पुरावा म्हणून.

"इथे वृक्षतोडीची तक्रार दिसतेय," साहेब म्हणाले. "ही समिती कोणाची?"

मी उभी राहिले. समिती नाही, मी, आणि तक्रार खोटी. दुसरं पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "म्हणजे एकच बाई दोन्ही बाजूंनी पत्रकं काढते."

पडवीत हशा झाला. मी उभीच राहिले. बसावं की नाही ते कळत नव्हतं.

मग साहेबांनी विचारलं, की इथले लोक जंगल जपतात म्हणता, तर पद्धत काय, रकाना रिकामा आहे. सरांनी वळून मागे बघितलं. मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. अक्का उठल्या, पदर खोचला आणि पुढे आल्या. त्यांनी सगळं सांगितलं, होळीनंतरचं जाणं, झाड सोडणं, चिंधी, न बोलणं. अहिराणीत, अडखळत, दोनदा थांबून. त्या बोलत असताना मागच्या बायका जमिनीकडे बघत होत्या. ह्या सगळ्यांसमोर बोलण्यात त्यांचं काय जात होतं, ते मला तेव्हा दिसलं. अक्का तिथे बोलल्या, म्हणूनच मी हे आज इथे लिहू शकते.

साहेब लिहून घेत होते. "छान. मग कोणकोणती झाडं सोडली आहेत, त्यांची यादी द्या."

"ते सांगानं नही," अक्का म्हणाल्या.

"अहो आजी, मग मी लिहू काय?"

"लिखा, बायास्ले माहीत शे."

बायकांना माहीत आहे. साहेब हसले, मग हसायचे थांबले, कारण पडवीत दुसरं कोणी हसत नव्हतं. त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी हिरवी वही मांडीवर उलटी ठेवली होती. त्यांच्याकडे झाडांच्या खुणा होत्या, अख्खी यादी होती, आणि मला शेवटच्या क्षणापर्यंत खात्री होती की ते ती काढतील. त्यांनी नाही काढली. साहेबांनी रकान्यात काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचायला शिकलेली आहे. त्यांनी अक्कांचंच वाक्य लिहिलं होतं.

त्या उन्हाळ्यात पीक वाईट गेलं. चिंधीशिवाय सगळीच झाडं ओरबाडली गेली, कोणी बाहेरून आलं, आणि बाहेरचे नेतात तर आपण का नको म्हणून गावातल्यांनीही घेतलं. अक्का त्याबद्दल मला कधी काही बोलल्या नाहीत. दाणा बाजारात दुसरा डबा रिकामा राहिला.

पावसाळा सरता सरता घोषणा झाली. राजपत्राची प्रत सरांनी पाठवली. मी ती खालून वाचत वर गेले. सातव्या कलमात होतं, की स्थानिक महिलांच्या प्रचलित पद्धतीनुसार वनोपज गोळा करण्यास बाधा येणार नाही. मी सरांना फोन केला. "प्रचलित म्हणजे काय? कोण ठरवणार? उद्या म्हणाले की प्रचलित नाही राहिली, तर?"

"अगं, आज एक दिवस तरी आनंदी हो."

"होते. पण कोण ठरवणार?"

सर म्हणाले, "तेच बघायला तू आहेस," आणि ह्यात टोमणा किती आणि कौतुक किती ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर दऱ्याच्या तोंडाशी पाटी लागली. हिरवी, लोखंडी, दोन खांबांवर. मी आणि अक्का बघायला गेलो. अक्कांना वाचता येत नाही. "काय लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

वर दऱ्याचं नाव आणि वारसा स्थळ. खाली लाल अक्षरात, "विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल." सातवं कलम कुठेही नव्हतं. मी मागे जाऊन बघितलं. मागे कोरा पत्रा.

मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग म्हटलं, "अक्का, कागदात तुमचा हक्क लिहिलाय. पाटीवर नाही. मी उद्याच लिहिते, की..."

"ठहर," अक्का म्हणाल्या.

त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या, झाडाकडे बघतात तशा, वरपासून खालपर्यंत. मग लुगड्याच्या आतल्या काठाची एक पट्टी दातांनी धरून फाडली, आणि पाटीच्या डाव्या खांबाला बांधली. दुहेरी गाठ.

"यंदा ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पुढला साल देखूत कशी फळस ते."

आणि खांबाच्या बाजूने दऱ्यात उतरल्या.

गेल्या होळीनंतर बायका पुन्हा चिंध्या बांधायला गेल्या. मला निरोप आला होता, ये म्हणून. मी गेले, तर अक्कांनी पाटीपाशी एक दगड दाखवला. इथे बसायचं, आणि वनवाला आला तर त्याला कागदातलं सातवं कलम वाचून दाखवायचं. मी प्रत घेऊनच आले होते. बायका विटक्या रंगांच्या चिंध्या कमरेला खोचून आत गेल्या. मी दोन तास पाटीला पाठ टेकून, वाटेकडे तोंड करून बसले. कोणी आलं नाही. आतून हसण्याचे आवाज येत होते, मध्येच एखादी शिवी, मध्येच शांतता. मी वळून बघितलं नाही.

त्या वर आल्या तेव्हा कमरेला एकही चिंधी नव्हती. अक्कांनी लोटा पुढे केला. पाणी धारेचं होतं, गार.